एंडगेममध्ये इंजिनचा आकडा किती खरा? घरच्या घरी तपासायची पद्धत

आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर हे दृश्य ठरलेलं. डाव बरोबरीत सुटलेला असतो, पोरगं अजून पाण्याची बाटली शोधत असतं, आणि बाबांनी मोबाइलवरच्या इंजिनमध्ये, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्राममध्ये, डाव टाकून निकालही लावलेला असतो: "अरे, प्लस टू होतं! जिंकलेला डाव सोडलास." पटावर मात्र विरुद्ध रंगांचे उंट आणि दोन जादा प्यादी. अशा स्थितीत भलेभले हात मिळवून उठतात. पोराचं काही चुकलेलं नसतं, आकडा वाचणाऱ्याचं चुकलेलं असतं.

ओपनिंगमध्ये किंवा मधल्या डावात इंजिन किती बरोबर आहे हे ठामपणे सांगायला कोणाकडेच उत्तरपत्रिका नाही. एंडगेममध्ये, म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, ती आहे. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचा निकाल (कॅसलिंगचा हक्क शिल्लक असलेल्या स्थिती सोडून) संगणकांनी शेवटपर्यंत मोजून ठेवला आहे. त्यामुळे इंजिनची परीक्षा घ्यायची तर इथेच घ्यावी. साधा लॅपटॉप, एक रविवार आणि एक वही एवढ्यात काम होतं.

आधी आकड्याचा अर्थ

'+१.०० म्हणजे एका प्याद्याची आघाडी' हे जुनं झालं. डिसेंबर २०२२ च्या १५.१ या आवृत्तीपासून स्टॉकफिश या इंजिनचा +१.०० म्हणजे इंजिन स्वतःशीच खेळलं तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के. उरलेला बहुतेक हिस्सा बरोबरीचा. म्हणजे +०.८ म्हणजे 'थोडं कमी जिंकलेलं' नव्हे. जिंकलं जाईल की बरोबरी होईल हे इंजिनला अजून ठरवता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एंडगेममध्ये खरे निकाल तीनच: जय, बरोबरी, हार. मधले सगळे आकडे हे अंदाज.

सामान

स्टॉकफिश फुकट मिळतं. ते डाउनलोड करा. उत्तरपत्रिका म्हणजे सिझिजी टेबलबेस. रोनाल्ड डी मान यांनी ती २०१३ मध्ये आणली. तीन ते पाच मोहऱ्यांचा संच जेमतेम १ जीबी, सहाचा साधारण १५० जीबी, आणि सातचा सुमारे १७ टीबी. सातचा संच घरी आणायच्या भानगडीत पडू नका. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या विश्लेषण पटावर सात मोहऱ्यांपर्यंतचा निकाल फुकट दिसतो. पाचचा संच मात्र लॅपटॉपवर असावाच.

सहाचा हवा असेल तर लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेली फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क वापरू नका. शोध चालू असताना इंजिन या फाइल्समध्ये सतत इकडून तिकडे उड्या मारतं. तबकडीवर प्रत्येक उडीला वेळ जातो, आणि टेबलबेस लावल्यावर इंजिन उलट मंदावतं. एसएसडीच हवी.

डाउनलोड पुरं झालं का हे फाइल्स मोजून बघा. पाच मोहऱ्यांपर्यंत एकूण २९० फाइल्स असतात: १४५ जय-बरोबरी-हार सांगणाऱ्या आणि १४५ पुढच्या मार किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं अंतर सांगणाऱ्या. एक जरी कमी असली तरी इंजिन तक्रार करत नाही, त्या प्रकारच्या एंडगेममध्ये गुपचूप अंदाजावर जातं.

पहिली फेरी: उत्तरपत्रिका बंद

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. टेबलबेस चालू ठेवून परीक्षा घेतली तर इंजिन उत्तर बघूनच लिहिणार. स्टॉकफिशमध्ये 'सिझिजी प्रोब लिमिट' हा पर्याय शून्यावर ठेवा. 'थ्रेड्स' (एकाच वेळी चालणारे शोध) १ ठेवा, कारण अनेक थ्रेड्सवर तीच स्थिती दोनदा दिली तर आकडे थोडे वेगळे येतात आणि तुलना फसते. 'हॅश' (इंजिनची तात्पुरती आठवण) ५१२ एमबी पुरे.

वेळेवर मर्यादा घालू नका, नोड्सवर, म्हणजे इंजिन तपासतं त्या स्थितींच्या संख्येवर, घाला. ऑक्टोबर हीटमध्ये पंख्याखालचा लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. सकाळचे दहा सेकंद आणि दुपारचे दहा सेकंद सारखे राहत नाहीत. एक कोटी नोड्स मात्र केव्हाही एक कोटीच. साध्या लॅपटॉपवर एका थ्रेडला साधारण पंधरा-वीस सेकंद लागतात.

लिचेसच्या बोर्ड एडिटरवर स्थिती मांडा आणि खालची फेन ओळ (स्थिती अक्षरांत लिहिलेली) उचला. स्टॉकफिश सुरू केल्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत रोमन अक्षरांत आधी 'यूसीआयन्यूगेम' (जोडून) म्हणजे जुनी हॅश पुसली जाते, मग 'पोझिशन फेन' आणि ती ओळ, मग 'गो नोड्स' आणि संख्या. प्रत्येक स्थितीला तीन वेळा: एक हजार, दहा लाख, एक कोटी. एक हजारावर इंजिनचं 'डोळ्याला काय दिसतं' ते कळतं, एक कोटीवर 'विचार करून काय म्हणतं' ते. शोध पूर्णपणे बाजूला ठेवून नुसता न्यूरल नेटवर्कचा अंदाज हवा असेल तर 'इव्हॅल' हा आदेश द्या.

चिन्हाकडे नीट लक्ष द्या. काळ्या खिडकीत शोधाचा आकडा ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने असतो, 'इव्हॅल'चा आणि लिचेसचा पांढऱ्याच्या बाजूने. काळ्या खिडकीत काळ्याची चाल असताना −३०० (म्हणजे −३, तिथे शोधाचा आकडा शंभरपट दिसतो) दिसलं तर काळा मार खातो आहे. हे विसरून वहीत भरलेला अख्खा तक्ता उलटा होतो.

कोणत्या स्थिती द्यायच्या

प्रश्नपत्रिकेत सगळे प्रकार हवेत. सुरुवातीला या पाच:

फिलिडोर. पांढरा राजा डी-५, प्यादं ई-५, हत्ती ए-७. काळा राजा ई-८, हत्ती बी-६. पांढऱ्याची चाल. बरोबरी. प्यादं ई-६ वर ढकललं की काळा हत्ती बी-१ ला जाऊन मागून शह देत राहतो.

लुसेना. पांढरा राजा जी-८, प्यादं जी-७, हत्ती एफ-१. काळा राजा ई-७, हत्ती एच-२. पांढऱ्याची चाल. जय. हत्ती चौथ्या ओळीवर आणून राजासाठी 'पूल' बांधायचा.

चुकीचा उंट. पांढरा राजा एफ-६, प्यादं एच-५, उंट डी-३. काळा राजा एच-८. एच-८ हे काळं घर आणि उंट पांढऱ्या घरांचा, म्हणून राजाला कोपऱ्यातून हुसकता येत नाही. एक उंट आणि एक प्यादं जास्त असूनही बरोबरी.

साव्हेद्रा. पांढरा राजा बी-६, प्यादं सी-६. काळा राजा ए-१, हत्ती डी-५. पांढऱ्याची चाल आणि जय, पण एका अटीवर: सहाव्या चालीला प्याद्याचा वजीर न करता हत्ती करायचा. वजीर केला तर काळा हत्ती सी-४ वर शह देतो, आणि तो मारला की स्टेलमेट: शह नाही पण चालही नाही, म्हणून बरोबरी.

झुगझ्वांग. पांढरा राजा डी-५, प्यादं ई-४. काळा राजा एफ-४, प्यादं ई-५. ज्याची चाल तो हरतो. म्हणून ही स्थिती दोनदा द्या, एकदा पांढऱ्याची चाल आणि एकदा काळ्याची. इंजिनं वेग वाढवायला 'समज मी चालच केली नाही' असं धरून एक छाटणी करतात. झुगझ्वांगमध्ये चाल न करणं हीच चैन असते, त्यामुळे ती छाटणी इथे आंधळी ठरते. चांगली इंजिनं फक्त राजा आणि प्यादी उरल्यावर ती बंद करतात. एखाद्या जुन्या किंवा हौशी इंजिनने केली नसेल तर ते या एका स्थितीत पकडलं जातं.

स्थिती मांडताना चाल कोणाची आणि कॅसलिंगच्या खुणा काढल्या का, हे दोनदा बघा. परीक्षेत इंजिन नापास होण्यापेक्षा प्रश्नच चुकीचा मांडला जाणं जास्त घडतं.

गुण कसे द्यायचे

बरोबरीच्या स्थितीत आकडा ०.५ च्या आत असेल तर पास. १.५ च्या वर असेल तर नापास. मधलं असेल तर प्रश्नचिन्ह घालून पुढे जा. जिंकलेल्या स्थितीत आकड्यापेक्षा चाल बघा. आकडा +४ आणि चाल अशी की टेबलबेसप्रमाणे बरोबरी होते, तर शून्य गुण. उलट आकडा +१.२ पण चाल अचूक, तर पूर्ण गुण.

मग 'सिझिजी प्रोब लिमिट' परत वाढवा (टेबलबेसचा फोल्डर 'सिझिजी पाथ'मध्ये दिलेला हवा) आणि तपासा. स्टॉकफिशच्या नव्या आवृत्त्यांत २०० च्या आसपासचा आकडा आला तर टेबलबेसने जय सांगितला असं समजा. तो काही दोनशे प्याद्यांचा फायदा नव्हे.

खरं सांगायचं तर आजचं स्टॉकफिश या पाचांत फारसं अडखळणार नाही. या स्थिती आहेत त्या तुमची मांडणी बरोबर आहे का हे बघायला. मजा पुढे आहे.

जिथे इंजिन खरोखर फसतं

पटावर ही स्थिती मांडा. पांढऱ्याची प्यादी ए-३, बी-४, सी-३, डी-४, ई-३, एफ-४, जी-३, एच-४. काळ्याची प्रत्येकाच्या बरोबर नाकासमोर: ए-४, बी-५, सी-४, डी-५, ई-४, एफ-५, जी-४, एच-५. पांढरा राजा ई-१. काळा राजा ई-७ आणि एक आख्खा हत्ती ए-८ वर. पांढऱ्याची चाल.

एकही प्यादं हलत नाही, कोणी कोणाला मारत नाही. काळ्या हत्तीला पलीकडे जायला एक फट नाही. राजाने पाचव्या ओळीवर पाय टाकावा तर ए, सी, ई, जी ही मोकळी घरं पांढऱ्या प्याद्यांच्या माऱ्यात. हत्ती सी-५ वर आणून फुकट देऊ केला तर पांढऱ्याने फक्त तो घ्यायचा नाही. पांढरा राजा ई-१, एफ-१ करत बसतो आणि मार किंवा प्याद्याची चाल नसलेल्या ५० चाली भरल्या की बरोबरी. दहा मिनिटं शिकलेल्या मुलालाही हे पटतं. इंजिन मात्र हत्ती मोजतं आणि काळ्याच्या बाजूने भलामोठा आकडा दाखवतं. मोहरे १९, म्हणजे टेबलबेसची मदत नाही. आणि पन्नास चालींनंतरची बरोबरी दिसायला दोन्ही बाजू धरून शंभर अर्ध्या चाली खोल बघावं लागतं.

अशा 'किल्ल्या'ची तपासणी आकड्याने करू नका, आकड्याच्या चालचलणुकीने करा. त्या स्थितीपासून इंजिन स्वतःशीच वीस-पंचवीस चाली खेळू द्या आणि दर पाच चालींनी आकडा लिहा. खरोखर जिंकलेल्या डावात तो वाढत जातो, कारण काहीतरी घडत असतं: प्यादं पुढे सरकतं, मोहरा पडतो. किल्ल्यात तो जागेवर खिळतो किंवा हळूहळू उतरतो. स्टॉकफिशमध्ये तर ५० चालींचा मीटर जसा भरतो तसा आकडा मुद्दाम बारीक केला जातो. २० चालींत एकही प्यादं हललेलं नाही, एकही मार नाही आणि आकडा तोच, तर तो जय नाही असं मी मानून चालतो. विरुद्ध रंगांच्या उंटांच्या डावांनाही हीच चाचणी लावा.

बरोबर असूनही निरुपयोगी उत्तर

उत्तरपत्रिकाही डोळे मिटून वाचू नये. दोन उंट विरुद्ध एकटा घोडा ही स्थिती बचावता येते असा शतकभराहून जास्त काळ समज होता. १९८३ च्या सुमारास केन थॉम्पसन यांच्या संगणकाने तो खोडला: सर्वसाधारणपणे जय, पण घोडा मिळायला ६६ चालींपर्यंत लागू शकतात. ५० चालींचा नियम मधेच आडवा येतो. सिझिजी अशा जयाला वेगळी खूण करते, आणि वहीत तो 'बरोबरी'च्याच खान्यात घाला. मॉस्को विद्यापीठात २०१२ मध्ये पुऱ्या झालेल्या लोमोनोसोव्ह टेबलबेसमध्ये तर ५४९ चालींची मात निघाली. पटावर तिचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, सिझिजी मात होईपर्यंतचं अंतर मोजत नाही, पुढच्या माराचं किंवा प्याद्याच्या चालीचं मोजते. म्हणून टेबलबेस लावलेलं इंजिन कधीकधी वजीर फुकट देऊन साध्या एंडगेममध्ये उतरतं. निकाल बदलत नाही, पण ती चाल मुलांना शिकवायला ठेवू नका.

स्वतःच्या डावांवर

आता आपले वीस डाव काढा. प्रत्येकात सात मोहरे उरले त्या क्षणी डाव थांबवा. वहीत चार रकाने: टेबलबेसशिवाय एक कोटी नोड्सचा आकडा, इंजिनची चाल, लिचेसवरचा खरा निकाल, आणि ती चाल निकाल राखते का. चुका दोन ढिगांत वेगळ्या करा: 'जय म्हटलं, निघाली बरोबरी' आणि 'बरोबरी म्हटलं, निघाला जय'. पहिला ढीग बहुधा मोठा निघेल, आणि त्यात हत्तींचे व उंटांचे एंडगेम जास्त असतील.

हे काम लोकलमध्ये मोबाइलवर करू नका. ब्राउझरमधलं इंजिन कमी ताकदीचं चालतं, फोन तापतो, आणि दादरला उतरेपर्यंत जो आकडा दिसतो तो अर्ध्यावर थांबलेल्या शोधाचा असतो. लोकलमध्ये करायचं ते एकच: पहिल्या ढिगातली एक स्थिती घ्या, बचावाची बाजू स्वतःकडे ठेवा आणि इंजिनशी बरोबरी राखून दाखवा.