आधी योकोहामा, मग मिसिसागा

पुण्यात जपानी शिकणारी मुलंमुली मला फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, जपान बरं की कॅनडा?" मी योकोहामाला चार वर्षं नोकरी केली आणि आता टोरोंटोजवळ मिसिसागात मला सहावं वर्ष लागलंय. बरं-वाईट ज्याचं त्याने ठरवावं. पहिल्या वर्षी ठेच कुठे लागते, ते मात्र मी नक्की सांगू शकते, कारण मला दोन्हीकडे लागली.

कॅनडातली आधी सांगते, कारण ती जास्त दुखली. नोकरीला सहा महिने झाले आणि मॅनेजर माझ्याशी कामाबद्दल बोलायला बसला. तो म्हणाला, "तुझं काम फार चांगलं आहे. पण तू मीटिंगमध्ये बोलत नाहीस. तुझं मत काय, ते मला कळतच नाही." मला रडू आवरेना. याच गप्प बसण्याबद्दल योकोहामात माझं कौतुक झालं होतं! तिथले माझे काचो, म्हणजे विभागप्रमुख, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते की हिला 'कूकी' वाचता येते. कूकी म्हणजे हवा. खोलीतली हवा वाचायची, समोरच्याने न बोललेलं ओळखायचं, आणि त्याला अवघडल्यासारखं होणार नाही असं वागायचं. परदेशी माणसाला हे जमतंय म्हणजे तो रुळला, असं तिथे मानतात.

जपानी ऑफिसात निर्णय मीटिंगमध्ये होत नाही, मीटिंगच्या आधी होतो. त्याला 'नेमावाशी' म्हणतात. मूळ शब्द बागकामातला आहे. झाड दुसरीकडे लावायचं असेल तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करून घेतात, ती नेमावाशी. मी प्रस्तावाचा कागद घेऊन एकेकाच्या टेबलापाशी जायचे. कुणी म्हणायचं, "हा आकडा जरा जड वाटतो." कुणी काहीच न बोलता दाताआडून 'स्स्स' असा श्वास आत ओढायचं. त्याचा अर्थ "नको". हे कळायला मला वर्ष लागलं. सगळ्यांच्या शंका मिटवून मीटिंगला बसलं की वीस मिनिटांत माना डोलावून मोकळे.

तीच सवय घेऊन मी कॅनडात आले आणि मीटिंगमध्ये मान डोलावत बसले. इथे निर्णय त्या खोलीतच होतो. वाद घालतात, बॉसलाही सरळ सांगतात की मला हे पटत नाही, आणि नंतर एकत्र कॉफी घ्यायला जातात. गप्प बसलात तर लोक समजतात की तुम्हाला मान्य आहे, किंवा तुम्ही कागद वाचलेलेच नाहीत. त्या दिवसानंतर मी स्वतःला एक नेम घालून घेतला. प्रत्येक मीटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलायचंच, मग तो साधा प्रश्न का असेना. पहिले काही आठवडे घशाला कोरड पडायची. मग सवय झाली.

दुसरी गडबड 'होरेन्सो'ची. जपानीत होरेन्सो म्हणजे पालक, पण ऑफिसात ते होकोकु, रेनराकु आणि सोदान या तीन शब्दांचं लघुरूप आहे. म्हणजे कळवा, संपर्कात राहा, विचारा. काम अर्धं झालं तरी कळवायचं, अडलं तर लगेच विचारायचं, आणि वाईट बातमी सगळ्यात आधी सांगायची. ही शिस्त मला मनापासून आवडते. पण मिसिसागात मी मॅनेजरला दिवसातून तीन मेल पाठवायला लागले, तेव्हा त्याने काळजीने विचारलं, "तुला काही अडचण आहे का? कुणाची मदत देऊ?" त्याला वाटलं माझा आत्मविश्वास कमी पडतोय. इथे काम सोपवलं की ते तुमचं असतं. आठवड्यातून एकदा भेटून सांगितलं तरी पुरतं.

नोकरीच्या अर्जापासूनच हा फरक दिसतो. जपानी रिरेकिशोवर, म्हणजे बायोडेटावर, फोटो लावतात, जन्मतारीख लिहितात. कॅनडाच्या रेझ्युमेवर फोटो, वय, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही लिहायचं नसतं. लिहिलं तर समोरचाच अवघडतो. जपानी मुलाखतीत मी "आम्ही" म्हणायचे. आमच्या टीमने हे केलं. कॅनडात मला सरळ विचारलं गेलं, "ते ठीक, पण त्यात तू काय केलंस?" आपल्या घरांतूनही स्वतःची फुशारकी मारू नये असंच शिकवतात, त्यामुळे 'मी केलं' म्हणताना जीभ अडखळते. पण ती इथे फुशारकी नसते, ती माहिती असते.

संध्याकाळी ऑफिसातून निघतानाही तेच. योकोहामात इतरांच्या आधी निघायचं तर "ओसाकी नी शित्सुरेइ शिमासु" म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी जाते, माफ करा. उरलेले म्हणतात, "ओत्सुकारेसामा." दमलात हो, असा त्याचा भाव. फार गोड शब्द आहे, मला अजून आठवतो. पण तो म्हणायची हिंमत होईपर्यंत घड्याळात आठ वाजलेले असायचे. इथे माझा मॅनेजर चार वाजता उठतो, मुलाची हॉकीची प्रॅक्टिस आहे असं मोठ्याने सांगतो आणि निघतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आता माफीबद्दल, कारण या दोन देशांमध्ये हा एक विलक्षण सारखेपणा आहे. दोन्हीकडची माणसं दिवसभर माफी मागतात. जपानी 'सुमिमासेन' हा माफी, आभार आणि "अहो, जरा इकडे बघा" या तिन्हींचा शब्द आहे. कॅनडात तुम्ही दुसऱ्याच्या पायावर पाय दिलात तरी तोच "सॉरी" म्हणतो. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी वेळेच्या 20 सेकंद आधी सुटली, तर रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली. आणि टोरोंटो ज्यात येतं त्या ऑन्टॅरिओ प्रांताने 2009 मध्ये माफीवर एक कायदाच केला. कुणी "सॉरी" म्हटलं म्हणून त्याने कायद्याने चूक कबूल केली, असं धरता येत नाही.

आपल्याकडे घरात आभार मानत नाहीत. आईला थँक्यू म्हटलं तर ती म्हणेल, "परकी झालीस का गं?" त्यामुळे सुरुवातीला हे सगळं वरवरचं वाटतं. पण दोन्हीकडे ते खरंच मनातून येतं. जपानी माणसाच्या डोक्यात 'मेइवाकु' असतो, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. तो होऊ नये म्हणून ट्रेनमध्ये फोन मूक ठेवायचा, त्यावर बोलायचं नाही, भरलेल्या डब्यात सॅक पाठीवरून पुढे घ्यायची. कॅनेडियन माणूस मात्र अनोळखी माणसाला मोकळं वाटावं म्हणून स्वतःहून बोलतो. बसमधून उतरताना ड्रायव्हरला मोठ्याने "थँक्यू" म्हणतात. लिफ्टमध्ये थंडीवर दोन वाक्यं होतातच. मागून कुणी येत असेल तर दार धरून ठेवतात, भले तो वीस पावलांवर असो, आणि मग तो बिचारा धावत येतो. एक सांगून ठेवते, "हाऊ आर यू" हा प्रश्न नसतो. मी पहिल्या आठवड्यात दुकानातल्या मुलीला माझी सर्दी सविस्तर सांगितली होती.

माफीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगायला हवं. जपानी बोलायची सवय मोडू नये म्हणून मी टोरोंटोतल्या जपानी-कॅनेडियन सांस्कृतिक केंद्रात जाते. तिथे एक सत्तरीच्या बाई भेटल्या. चेहरा जपानी, नाव जपानी, आणि जपानी भाषा माझ्याहून कच्ची. म्हणाल्या, युद्धानंतर घरात जपानी बोलणंच बंद झालं. 1942 मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, कॅनडा सरकारने ब्रिटिश कोलंबिया या पश्चिमेकडच्या प्रांताच्या किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे 22,000 लोकांना हलवलं, त्यांची घरं, दुकानं, मासेमारीच्या होड्या विकून टाकल्या. त्यातले बहुसंख्य जन्माने किंवा कागदोपत्री कॅनडाचेच नागरिक होते. 1949 पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परत येऊन राहू दिलं नाही. 22 सप्टेंबर 1988 रोजी पंतप्रधान ब्रायन मलरूनी यांनी संसदेत त्यांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 21,000 डॉलर देण्याचं ठरलं. कॅनडात येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला वाटतं. आज जो देश आपल्याला दार उघडून देतो, त्याने एकेकाळी स्वतःच्याच लोकांशी काय केलं आणि ते कबूल करायला किती वर्षं लागली, हे माहीत असावं.

घर आणि शेजार. योकोहामात माझा पहिला महिना कचऱ्याने गाजवला. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिक वेगळ्या दिवशी, डबे-बाटल्या आणखी वेगळ्या दिवशी, आणि सगळं त्याच सकाळी आठच्या आत. एकदा मी पिशवी ठेवून ऑफिसला गेले आणि संध्याकाळी आले तर सगळा ढीग उचललेला, एकटी माझी पिशवी तिथे, तिच्यावर स्टिकर. खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली. त्यांच्या हातात वॉर्ड ऑफिसचं कचऱ्याचं वेळापत्रक होतं आणि प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी मुळाच्या अक्षराच्या, डोक्यावर त्यांनी पेन्सिलीने हिरागाना या सोप्या लिपीत बारीक उच्चार लिहिले होते. मग खाली बसून त्यांनी माझीच पेटबाटली, म्हणजे पेयाची प्लास्टिकची बाटली, हातात घेतली. झाकण काढलं, ते प्लास्टिकमध्ये. लेबल सोललं, तेही प्लास्टिकमध्ये. बाटली विसळली, पायाने चेपली, ती बाटल्यांमध्ये. एक शब्द रागाचा नाही. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही घरात बोलावलं नाही, पण दर नव्या वर्षाला त्यांचं नेंगाजो, म्हणजे शुभेच्छांचं पोस्टकार्ड, अजून मिसिसागाला येतं.

इथे उलट. राहायला आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांनी पॉटलकला बोलावलं. प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा असतो. मी बटाटेवडे नेले आणि ते सगळ्यात आधी संपले. पहिल्या मोठ्या बर्फाच्या सकाळी मी उठेपर्यंत शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्यासोबत आमचाही ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढची गाडीची वाट, फावड्याने मोकळा केला होता. रस्ता साफ करणारी गाडी बर्फाचा जो बांध ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाकून जाते, तोसुद्धा. मी बेसनलाडूंचा डबा जपानी सवयीने दोन्ही हातांनी, वाकून दिला. ते इतके गडबडले की तेही वाकले.

बाकी बारीकसारीक गोष्टी पटापट सांगते. घरात बूट काढणं दोन्हीकडे आहे, हा आपल्याला मोठाच दिलासा. जपानमध्ये टिप देत नाहीत. ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून वेटर मागे धावत येतो. कॅनडात 15 ते 20 टक्के धरूनच हॉटेलात जायचं. जपानमध्ये दुकानातल्या किमतीत कर धरलेला असतो. ऑन्टॅरिओत बहुतेक वस्तूंवर 13 टक्के कर गल्ल्यावर गेल्यावर लागतो. शाकाहारी असाल तर जपानमध्ये खरी परीक्षा. नुसत्या भाज्यांच्या सूपमध्येही माशाचं 'दाशी', म्हणजे मासा उकळून काढलेलं पाणी, असतं, तेव्हा "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, दाशीबद्दल वेगळं विचारा. आणि ऑन्टॅरिओत दूध पिशवीत मिळतं! चार लिटरच्या मोठ्या पिशवीत तीन पिशव्या. आई आली तेव्हा कात्रीने पिशवीचा कोपरा कापताना तिचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

आजारपणात मला जपान उजवं वाटलं. विम्यात बिलाचे 30 टक्के आपण भरायचे, पण त्याच दिवशी थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाता येतं, आणि दातांची नेहमीची कामंही त्यात बसतात. ऑन्टॅरिओत डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र फॅमिली डॉक्टर मिळवायला वाट पाहावी लागते, तज्ज्ञाकडे त्याच्या चिठ्ठीनेच जायचं, आणि दातांचा खर्च बहुधा आपला किंवा कंपनीच्या विम्याचा. निघण्यापूर्वी दात पुण्यातच दाखवून घ्या.

जपानला निघणार असाल तर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-3 ही पातळी देऊनच निघा, ऑफिसात लिहा-वाचायचं असेल तर त्यावरची एन-2. परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात असते, पुण्यातही केंद्र आहे. घर मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा, त्याशिवाय पुढची कामं अडतात. शेजाऱ्यांकडे छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा घेऊन स्वतःहून जा, नाव सांगा, लगेच परत या. गावाहून आलात की ऑफिससाठी खाऊ आणा, त्याला ओमियागे म्हणतात. एकेक सुटा बांधलेला आणा म्हणजे टेबलावर ठेवता येतो. बाकरवडीची छोटी पाकिटं छान खपतात.

कॅनडाला निघणार असाल तर स्वतःबद्दल एक मिनिट बोलायचा सराव करा. काय येतं, काय केलं, पुढे काय करायचंय. आधी मराठीत, आरशासमोर, मग इंग्रजीत. आणि थंडीचे बूट इथे आल्यावर घ्या. पुण्यातून नेलेले माझे बूट पहिल्याच डिसेंबरात भिजून फुटले.