नॉब एक खटका पुढे, आकडा दोन मागे

रोटरी एन्कोडर, म्हणजे किती आणि कुठल्या दिशेला फिरवलं हे तारांवरून कळवणारा नॉब, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत काम आटपेल. पाच पिना. त्यातल्या दोन वीजपुरवठ्याच्या, एक नॉब दाबला की लागणाऱ्या बटणाची. उरल्या दोन. दोन पिना वाचायला असा कितीसा वेळ लागणार? मला आठवडा लागला, आणि त्यातले निम्मे दिवस मी चुकीच्या जागी चूक शोधत होतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पोटेन्शिओमीटरला, म्हणजे जागेप्रमाणे व्होल्टेज बदलणाऱ्या साध्या नॉबला, विचारलं तर तो सांगतो, ‘मी इथे आहे.’ एन्कोडरला स्वतःची जागा माहीतच नसते. तो फक्त हलतो तेव्हा दोन तारा ठरावीक क्रमाने वरखाली करतो. मोजदाद तुमच्या प्रोग्रामने ठेवायची. एक पाऊल मोजायचं राहिलं की हिशोब तिथून पुढे कायमचा चुकला.

तो क्रम डोळ्यांनी बघा. दोन्ही तारांना एकेक एलईडी लावा आणि नॉब चिमटीत धरून, एका खटक्यावरून दुसऱ्या खटक्यावर अगदी सावकाश न्या. केवाय-०४० नावाने मिळणाऱ्या मॉड्यूलवर खटक्यावर बसलेल्या नॉबच्या दोन्ही तारा वर असतात. तारांना ए आणि बी म्हणू, वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. माझ्या जोडणीत पुढे फिरवताना क्रम येतो ११, १०, ००, ०१ आणि परत ११. मागे फिरवताना ११, ०१, ००, १०, ११. दर वेळी एकच तार बदलते. म्हणजे एका खटक्यात चार पावलं, आणि २० खटक्यांच्या नॉबच्या एका फेरीत ८०. मी हे आठवड्याच्या शेवटी केलं. पहिल्या दिवशी केलं असतं तर हा लेख फार छोटा झाला असता.

पहिल्या दिवशी मी केलं ते सगळेच करतात: ए खाली उतरला की इंटरप्ट (हातातलं काम थांबवून प्रोग्रामचा ठरलेला तुकडा लगेच चालवणारी सूचना), इंटरप्टमध्ये बी वाचायचा. बी खाली असेल तर एक मिळवा, वर असेल तर एक वजा करा. कागदावर बिनचूक. प्रत्यक्षात नॉब एक खटका पुढे नेला की आकडा कधी एकने वाढायचा, कधी तीनने, आणि कधी चक्क मागे जायचा. वाढणं समजत होतं. आतले धातूचे संपर्क जोडताना-सुटताना थडथडतात, ज्याला बाउन्स म्हणतात, त्यामुळे ए एकदाऐवजी तीनदा उतरल्यासारखा दिसतो. पण मागे का?

उत्तर खटक्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. पुढे जाताना ए परत वर चढतो तेव्हा बी आधीच वर गेलेला असतो. चढतानाही ए थडथडतो, म्हणजे मध्येच एकदोनदा खाली येतो. माझा इंटरप्ट त्या क्षणी जागा होतो, बघतो की ए उतरला आणि बी वर आहे, आणि इमानेइतबारे एक वजा करतो. प्रोग्राम मी सांगितलं तेच करत होता. मी सांगितलंच अपुरं होतं.

मग मी सगळ्यांच्याच वाटेने गेलो: इंटरप्टच्या आत डिले, म्हणजे ठरावीक वेळ थांबायची आज्ञा. तो करू नका. डिले स्वतः टायमरच्या इंटरप्टवर अवलंबून असतो आणि एका इंटरप्टच्या आत असताना बाकीचे थांबलेले असतात, त्यामुळे त्याचा काही भरवसा नाही. त्यानंतर ‘मागच्या पाच मिलिसेकंदांत काही झालं असेल तर दुर्लक्ष कर’ असा नियम घातला. हळू फिरवताना बरं चालायचं, झरकन फिरवलं की खरी पावलंही गिळायचा.

सुटका झाली ती प्रश्न बदलल्यावर. ‘ए उतरला का?’ असं विचारायचंच नाही. ‘मघाशी कोणत्या अवस्थेत होतो आणि आता कोणत्या?’ असं विचारायचं. मघाशीचे दोन बिट, म्हणजे ए आणि बीचे ०-१, डावीकडे, आत्ताचे दोन उजवीकडे, असा चार बिटांचा आकडा होतो, ० ते १५. तेवढ्याच १६ घरांचा एक तक्ता करायचा:

०, १, -१, ०, -१, ०, ०, १, १, ०, ०, -१, ०, -१, १, ०

उदाहरणार्थ ११ वरून १० वर गेलो तर बिट होतात १११०, म्हणजे १४, आणि शून्यापासून मोजलं तर १४व्या घरात आहे १. चार घरांत अवस्था बदललेलीच नाही, तिथे शून्य. आणखी चार घरांत दोन्ही तारा एकदम बदलल्या आहेत, जे नॉबला शक्यच नाही, म्हणजे मधलं पाऊल निसटलं, तिथेही शून्य. उरलेल्या आठांत अधिक किंवा वजा एक.

आता थडथड तपासा. १० वरून ०० वर जाताना ए तीनदा नाचला: १०, ००, १०, ००. तक्ता म्हणतो अधिक एक, वजा एक, अधिक एक. एकूण अधिक एक. बाउन्स गाळायला वेगळं काही लिहावं लागलं नाही, तो स्वतःच स्वतःला खोडतो. हे पहिल्यांदा कागदावर जुळलं तेव्हा मी पेन ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

चार पावलं जमली की एक खटका धरायचा आणि नॉब ११ वर परत बसला की उरलीसुरली बाकी शून्य करायची. काही नॉब एका खटक्यात दोनच पावलं टाकतात, तेव्हा चारने भागण्याआधी डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) बघा.

तरीही झरकन फिरवलं की पावलं निसटत होती, आणि याचं कारण सांगताना अजून हसू येतं. तोवर मी इंटरप्ट काढून मुख्य लूपमध्येच, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या प्रोग्राममध्ये, पिना वाचत होतो, आणि चूक शोधायला दर फेरीत आकडा सिरिअल पोर्टवरून संगणकावर छापत होतो. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. माझी ओळ १२ अक्षरांची. बफर, म्हणजे पाठवायच्या अक्षरांचा साठा, भरला की लूप दर फेरीला १२ मिलिसेकंद अडकायचा. नॉब सेकंदाला दोन फेऱ्या फिरवला तर १६० पावलं, म्हणजे सहा मिलिसेकंदांना एक. चूक दाखवायला ठेवलेला पहारेकरीच चोर निघाला.

माझं मत विचाराल तर हाताने फिरवायच्या नॉबला पिनेचा इंटरप्ट लागतच नाही. टायमरने दर मिलिसेकंदाला दोन पिना वाचा, तक्त्यात बघा, संपलं. बटणाच्या पिनेला मात्र अनेक मॉड्यूलवर पुल-अप रेझिस्टर (कोणी खाली ओढत नसताना तार वर धरून ठेवणारा) नसतो. बोर्डच्या चिपमधला चालू करा, नाहीतर बटण भुताने दाबल्यासारखं वागेल. आणि बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर मॉड्यूललाही ३.३च द्या, कारण त्याचे पुल-अप त्याच पुरवठ्याच्या तारेला जोडलेले असतात.

मोटरच्या शाफ्टवरचा एन्कोडर हे वेगळंच प्रकरण. मला मिळालेला ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने मोजणारा, होता, फेरीला ६०० पल्स, म्हणजे २४०० पावलं. जोडला आणि नुसता हात जवळ नेला तरी आकडा पळू लागला. आउटपुट ओपन कलेक्टर होतं: ते तार खाली ओढू शकतं, वर नेऊ शकत नाही. बाहेरून पुल-अप लावल्यावर शांत झालं. मग मोटर सुरू केली, आणि साडेतेरा फेऱ्यांनंतर आकडा एकदम उणे. वायरिंग दोनदा उचकटून जोडलं. शेवटी कॅल्क्युलेटर काढला: ३२,७६७ भागिले २४००. माझ्या ८ बिटांच्या आर्डुइनो उनो बोर्डवर इंट, म्हणजे पूर्णांकाचा साधा प्रकार, १६ बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ पर्यंतच मावतं. बस.

लाँग, म्हणजे ३२ बिटांचा प्रकार, वापरला, व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच, अशी सूचना) लिहिलं, तरी अधूनमधून एखादा आकडा वेडावाकडा. ८ बिटांचा प्रोसेसर तो आकडा एकेक बाइट करून वाचतो. २५५ असताना खालचा बाइट उचलला, तेवढ्यात मोजणीचा इंटरप्ट आला आणि आकडा २५६ झाला, मग वरचा बाइट उचलला: हाती ५११. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करून आकडा दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि लगेच चालू करायचे.

३००० आरपीएमला हाच एन्कोडर सेकंदाला १,२०,००० पावलं टाकतो. १६ मेगाहर्ट्झच्या चिपला एका पावलामागे जेमतेम १३३ क्लॉक (चिपचे ठोके) मिळतात. आर्डुइनोच्या डिजिटलरीड फंक्शनने दोन पिना वाचण्यातच त्यांचा मोठा वाटा जातो. इथे हट्ट सोडा. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतो, ईएसपी३२ चिपमध्ये पल्स काउंटर. मोजणी हार्डवेअर करतं, तुम्ही फक्त आकडा वाचायचा.

तिथेही काउंटर बहुधा १६ बिटांचाच निघतो. एसटीएम३२वर मी दर १० मिलिसेकंदांनी तो वाचतो, मागचं वाचन वजा करतो, फरक चिन्हासह १६ बिटांत घेतो आणि ३२ बिटांच्या बेरजेत टाकतो. मधे फार तर १२०० पावलं होतात, त्यामुळे काउंटर उलटला (६५,५३५ नंतर शून्यावर आला) तरी फरक बरोबर येतो. ईएसपी३२वर ही युक्ती चालत नाही, कारण आपण ठरवलेली मर्यादा गाठली की तिथला काउंटर १६ बिट भरण्याआधीच शून्यावर येतो. त्या क्षणी येणाऱ्या इंटरप्टमध्ये मर्यादेचा आकडा बेरजेत मिळवावा लागतो. आणि दिशा उलटी आलीच, तर ए आणि बीच्या तारांची अदलाबदल करा.