गाराम म्हणजे न्हंय: कोरियन नावाचा अर्थ कसा शोधायचा

गोव्यात चोडण बेटावर आम्ही घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पक्षी बघायला आलेल्या एका कोरियन मुलीचं नाव मी वहीत ‘गरम’ असं लिहिलं. वाचून दाखवल्यावर तिनं मान हलवली आणि माझंच पेन घेऊन शेजारी आपल्या लिपीत लिहिलं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. रोमन स्पेलिंगवर विसंबू नका.

दोन ठोकळे होते. पहिल्यात सुताराच्या गुण्यासारखा काटकोन, तो ‘ग’; शब्दाच्या सुरुवातीला त्याचा उच्चार क आणि ग यांच्या मधला. त्याला लागून उभी रेघ आणि तिच्या उजवीकडे इवलीशी आडवी, तो ‘आ’. दुसऱ्यात ‘रा’च्या खाली पोकळ चौकोन, तो ‘म’. गा-राम.

मग विचारा, नावाला हांजा, म्हणजे चिनी अक्षरं आहेत का? बहुतेक कोरियन नावं दोन अक्षरांची, आणि प्रत्येक अक्षरामागे एक चिनी अक्षर. अर्थ त्यातच असतो. हांजा नसेल तर नाव देशी शब्दाचं: हानुल म्हणजे आकाश, इसुल म्हणजे दव, सुल्गी म्हणजे शहाणपण. नुसत्या उच्चारावरून ठरवू नका, कारण तोच उच्चार चिनी अक्षरांनीही लिहिता येतो.

हिच्या नावाला हांजा नव्हतं. गाराम म्हणजे नदी. आज कोरियात नदीला ‘गांग’ म्हणतात, तो चिनीतून आलेला. सोलमधून वाहते ती हानगांग. पण १४८१ साली तू फू या चिनी कवीच्या कवितांचं कोरियन भाषांतर झालं, त्यात नदीसाठी हा देशी शब्द भेटतो. तिथे ‘आ’च्या जागी नुसता ठिपका दिसेल. तो ठिपक्याचा स्वर १९३३ च्या लेखननियमांनी काढून टाकला. बोलण्यातून गेलेला शब्द नावांत मात्र टिकला. कवी यी ब्योंग-गी (१८९१-१९६८) यांचं टोपणनावच गाराम.

मला हे फार जवळचं वाटलं. आम्ही शाळेत नदी लिहिली, पण तोंडात कोंकणी न्हंयच. संध्याकाळी तिला फेरीबोटीच्या धक्क्यावर नेलं, मांडवीकडे बोट दाखवून म्हटलं, “न्हंय.” तिनं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा अनुस्वार बरोबर आला.

एक राहिलं. मैत्रीत किंवा लहानाला हाक मारताना अशा व्यंजनान्त नावाला शेवटी ‘आ’ लागतो: गारामा! आपल्या ‘रामा’सारखंच. मोठ्या माणसाला मात्र अशी हाक मारू नये.