कॉनिफरचे एम्ब्रियो एबीएवर टाकायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

एबीए म्हणजे अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड, टिश्यू कल्चरमध्ये कॉनिफरचे (पाइन, स्प्रूससारख्या झाडांचे) एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण, पक्व करायला लागणारं हॉर्मोन. आधी कल्चर बघून घ्या, केमिकलचं नंतर. २,४-डी (ऑक्सिन) आणि बीए (सायटोकायनिन) या वाढीच्या हॉर्मोन्सवर वाढलेला पांढरट चिकट गोळा चिमूटभर स्लाइडवर घ्यायचा, एसिटोकार्मिन आणि इव्हान्स ब्लूने रंगवायचा, एम्ब्रियोची लाल गच्च डोकी आणि त्यांना लागून लांबलचक निळे सस्पेन्सर (एम्ब्रियोचे शेपटीसारखे देठ) दिसले तरच पुढे जायचं, ते नसतील तर कितीही महागडं हॉर्मोन घाला, एम्ब्रियो यायचे नाहीत.

मग हॉर्मोन नसलेल्या मीडियमच्या प्लेट्स, थोडा अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालून, आठवडाभरासाठी. ही पायरी गाळायची नाही म्हणजे नाही, कारण ऑक्सिन आणि सायटोकायनिन आत उरलं की पेशी नुसत्या वाढतच राहतात, एबीएला दाद देत नाहीत. चारकोल एबीएपण शोषून घेतो, म्हणून पुढच्या मीडियममध्ये शक्यतो नकोच.

एबीएची बाटली घेताना लेबल नीट वाचा. रेसिमिक असेल तर निम्माच भाग नैसर्गिक रूपातला असतो, हिशोब त्याप्रमाणे करायचा. मॉलिक्युलर वेट २६४.३, म्हणजे २६.४ मिलिग्रॅम १० मिलीत विरघळवलं की १० मिलिमोलरचा स्टॉक झाला, लिटरला त्यातले ६ मिली घातले की ६० मायक्रोमोलर. पावडर नुसत्या पाण्यात पटकन विरघळत नाही, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन-चार थेंब आधी टाका, मग पाणी. हे ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही, ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढायचं आणि मीडियम साधारण ५० डिग्रीला आल्यावर मिसळायचं. उजेडाने खराब होतं, ट्यूबला फॉइल गुंडाळाच.

पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) ४०००च मागा, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकल बाजारात घ्यायला जाल तेव्हा नंबर चिठ्ठीवर लिहून न्या, कारण ४०० वेगळं. ४०००चा रेणू मोठा, पेशीभित्तीतून आत शिरत नाही, पण बाहेरून पाणी ओढून धरतो, आणि तो कोरडेपणा आणि एबीए मिळून एम्ब्रियोला साठ्याचं प्रोटीन भरायला लावतात आणि अवेळी कोंब फुटू देत नाहीत. ७.५ टक्क्यांपासून सुरुवात करा. मीडियम घट्ट करायला जेलराइट, पीएच पेपर, प्लेट सील करायची पॅराफिल्म पट्टी हे तर लागणारच.

मुंबईत जून ते सप्टेंबर फंगसची खरी भीती, हवाच इतकी दमट की प्लेटच्या कडेने बुरशी आत शिरते, त्यामुळे लॅमिनार फ्लोचा (गाळलेल्या हवेच्या कामाच्या कपाटाचा) फिल्टर पावसाळ्याआधी तपासून घ्या आणि प्लेटला पॅराफिल्म दोनदा गुंडाळा. खोली अंधारी, २३ ते २५ डिग्री, एसी रात्रीपण चालू आणि लाइट गेली तर काय करायचं ते वॉचमनकाकांना आधीच सांगून ठेवा, फोन नंबर दारावर चिकटवा. प्लेट्स तिथे सहा ते बारा आठवडे राहणार आहेत, म्हणून झाकणावर नाही, तळाला परमनंट मार्करने सेल लाइन, एबीएचं प्रमाण आणि तारीख लिहा, झाकणं अदलाबदल होतात.