पाणवठ्यावर दिसले तेवढेच प्राणी? वन्यप्राणी गणनेतल्या या चुका टाळा

बुद्धपौर्णिमेची रात्र सरली की दोन-तीन दिवसांत बातम्या झळकतात: अमुक अभयारण्यात इतके रानगवे, इतकी अस्वलं, गेल्या वर्षीपेक्षा वाढ. त्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर जागून केलेल्या नोंदी मोलाच्या असतात. पण त्यांची बेरीज म्हणजे त्या जंगलातली प्राणिसंख्या, असं मानणं ही सगळ्यांत जास्त पसरलेली चूक. एकच सांबर संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर आलं, की बेरजेत त्याची दोन होतात. उलट आठवडाभर आधी वळीव झाला असेल तर नाल्यांत डबकी साचतात, प्राणी पाणवठ्याकडे फिरकत नाहीत. आकडा निम्म्यावर येतो आणि जंगलातलं एकही जनावर कमी झालेलं नसतं. महाराष्ट्र वनविभाग आता या उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणतो, ते योग्यच आहे. मचाणावर जाणार असाल तर वेळ, संख्या, नर-मादी, पिल्लं नेमकी टिपा. ओळख पटली नाही तर तसंच लिहा.

खरा प्रश्न असा: दिसले ते एकूण कितींपैकी?

वाघांच्या बाबतीत हा प्रश्न आपण फार उशिरा विचारला. १९६० च्या दशकात रूढ झालेल्या ठशांच्या पद्धतीत दोन गोष्टी गृहीत होत्या: प्रत्येक वाघाचा ठसा सापडतो आणि तो वेगळा ओळखता येतो. माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की धावत, यावर एकाच पंजाचा ठसा बदलतो. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर डझनाहून अधिक वाघ होते. २००५ मध्ये तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर देशभराच्या गणनेत कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, आले. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत ही पद्धत १९९० च्या दशकातच वापरली होती.

तिचं गणित सोपं आहे. समजा पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत २४, त्यांतले १६ आधीचेच. म्हणजे पहिल्या २० पैकी १६, ८० टक्के, पुन्हा सापडले. मग दुसऱ्या फेरीतले २४ हेही एकूण संख्येच्या सुमारे ८० टक्के धरायचे. एकूण वाघ साधारण ३०.

हे गणित बिघडतं ते कॅमेरे लावतानाच. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूला कॅमेरा असेल तर एक वाघ दोन ठरू शकतो, म्हणून समोरासमोर जोडी हवी. दोन जागांमधलं अंतर इतकं वाढवू नका की एखाद्या वाघिणीचं अख्खं क्षेत्र मधल्या पोकळीत बसेल. जी सापडण्याची शक्यताच शून्य, तिला कोणतंही सूत्र मोजू शकत नाही. काम काही आठवड्यांत संपवा. महिनोन्‌महिने रेंगाळलं तर मधल्या काळात जन्म, मृत्यू आणि स्थलांतर होतात.

चितळं अशी एकेक ओळखणं अवघड. त्यांच्यासाठी ट्रान्झेक्ट लाईनवरून, म्हणजे जंगलात आखलेल्या सरळ रेषेवरून चालत, दिसलेल्या कळपाचं रेषेपासूनचं अंतर मोजतात. जसजसं अंतर वाढतं तसतसे कळप कमी दिसतात, आणि त्या घटीवरूनच न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. म्हणून अंतर डोळ्यांनी ठरवू नका, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं उपकरण) वापरा. कळप बिचकून पळाल्यावर नव्हे, पहिल्यांदा दिसला त्या जागेपर्यंत मोजा. सोयीसाठी जिप्सीचा रस्ता धरला तर सगळी मेहनत वाया, कारण रस्त्याच्या कडेला प्राण्यांचा वावर उरलेल्या जंगलासारखा नसतो.

वाचकांसाठीही एक-दोन गोष्टी. देशातले २००६ चे १४११ आणि २०२२ चे ३६८२ वाघ शेजारी ठेवून थेट वजाबाकी करू नका. २००६ च्या आकड्यात सुंदरबन नव्हतंच. ३६८२ हाही सरासरी अंदाज, ३१६७ ते ३९२५ या पट्ट्यातला. एप्रिल २०२३ मध्ये ३१६७ हा किमान आकडा जाहीर झाला आणि जुलैमध्ये ३६८२. मधल्या तीन महिन्यांत ५१५ वाघ वाढले नव्हते. महाराष्ट्राचे ४४४ वाघही याच गणनेतले. तिच्यात साधारण वर्षाखालचे बछडे धरत नाहीत, त्यामुळे गाईडच्या तोंडचा आकडा आणि अहवालातला आकडा जुळला नाही तर आधी बछडे वगळून पाहा.