वाळवंटी पैसा किड्यांचं खाणं आणि झुंडीचं चालणं कसं टिपावं

अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटांतला ऑर्थोपोरस ऑर्नेटस हा पैसा किडा (मिलिपीड) वर्षाचा बराच काळ जमिनीखाली काढतो. दिसतो तो उन्हाळी पावसानंतर, साधारण जुलै ते सप्टेंबर. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी आणि उन्हं उतरताना जा. भर दुपारी ते सावलीत किंवा बिळात दडतात.

आधी जागेवरच थांबा. एक मीटरवर बसून जवळचं फोकस होणारी दुर्बीण लावा. झुडपावर चढलेला किडा खातोच आहे असं धरू नका, तापलेल्या जमिनीपासून सुटायलाही तो वर चढतो. जबडे हलताना दिसले आणि सालीवर ताजा खरवडा दिसला तरच ‘खाणं’ लिहा. वाळका पाला, मेलेलं लाकूड, एफिड्रासारख्या झुडपांची साल, असं काय खातोय तेही नोंदवा.

झुंडीसाठी जमिनीवर दोन मीटर दोरी आखा. दहा मिनिटांत ती ओलांडणारे किडे दिशेनुसार वेगळे मोजा, सोबत जमिनीचं तापमानही घ्या. एकूण आकडा फसवतो: तोच किडा परत फिरला तर दोनदा मोजला जातो. म्हणून काहींच्या पाठीवर, डोक्यापासून दूर, नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. तो दोन कड्यांमधल्या सांध्यावर नको.

उचलायचं झालं तर हातमोजे हवेतच. त्याच्या स्रावातली क्विनोन्स ही रसायनं कातडी तपकिरी करतात, डोळ्यात गेली तर भयंकर झोंबतात. वेटोळं घातलेला किडा बिथरलेला असतो, म्हणून तो त्या दिवसाच्या नोंदीतून वगळा.