पिंक फ्लॉइड कुठून आणि कसं ऐकावं

‘पिंक फ्लॉइड काही जमलं नाही’ म्हणणाऱ्याला एकदा विचारा, ऐकलंस काय? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: शाळेच्या पोरांचं ते गाणं (‘अनदर ब्रिक इन द वॉल’), आणि मग एखादं ‘बेस्ट ऑफ’. इथेच घोटाळा होतो. हा ब्रिटिश रॉक बँड ऐन भरात होता तेव्हा एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूचा, म्हणजे साधारण वीस-बावीस मिनिटांचा, विचार करून संगीत रचत होता. त्यातलं एक गाणं उपटून ऐकणं म्हणजे विलंबित ख्यालातली मधलीच चार मिनिटं ऐकण्यासारखं.

‘बेस्ट ऑफ’मध्ये आणखी एक अडचण. 2001 साली आलेल्या ‘एकोज’ नावाच्या दोन सीडींच्या संग्रहात त्याच नावाची मूळ साडेतेवीस मिनिटांची रचना कापून साडेसोळा मिनिटांवर आणली आहे. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’लाही कात्री लागली आहे. संग्रह वाईट नाही, पण तो सगळे अल्बम ऐकून झालेल्यांसाठी आहे.

आधी फोन ठीक करा

स्पॉटिफाय असो, ॲपल म्युझिक असो की स्वतःच्या फायली, या गोष्टी एकदा तपासून घ्या.

शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर. गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडू देणं) चालू. क्रॉसफेड दोन-तीन सेकंदांवर जरी राहिला तरी एका गाण्याचं शेपूट पुढच्याच्या डोक्यावर चढतं आणि बँडने मोजून केलेले जोड बिघडतात. उलट गॅपलेस नसेल तर ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममध्ये ‘ब्रेन डॅमेज’कडून ‘एक्लिप्स’कडे जाताना ठेच लागते. जुन्या एमपीथ्री फायलींत ही ठेच हमखास असते, कारण एमपीथ्री बनवताना प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेचा बारीक तुकडा चिकटतो. अशा वेळी सीडीवरून फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीच न गाळणारा फाइलचा प्रकार) फायली काढणं बरं. फुकट खात्यात मध्येच जाहिरात घुसते. त्यावर इलाज नाही, निदान हे अल्बम तरी तसे ऐकू नका.

आवाज आपोआप समान करणारी सोय बंद ठेवा. फायलींवर रिप्लेगेन (हेच काम करणारी फाइलमधली खूण) लावत असाल तर ‘ट्रॅक’ऐवजी ‘अल्बम’ निवडा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं शेजारच्या मोठ्या गाण्याइतकं फुगतं. अल्बम संपल्यावर दुसरं काहीतरी वाजवणारा ऑटोप्लेही बंद. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हृदयाच्या विरत जाणाऱ्या ठोक्यांवर संपतो. त्यावर ॲपने आपल्या आवडीचं गाणं आदळलं की सगळं मुसळ केरात.

बहुतेक छोटे ब्लूटूथ स्पीकर प्रत्यक्षात मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून वाजवणारे, असतात. इथे डावं-उजवं फार महत्त्वाचं आहे, तेव्हा साधे वायरचे हेडफोनही चालतील, पण दोन कानांना दोन वेगळे आवाज हवेत. तपासायचं असेल तर ‘मेडल’ अल्बममधलं पहिलं गाणं, ‘वन ऑफ दीज डेज’, लावा. त्यात दोन बेस गिटार आहेत, दोन कानांना एकेक. एक खणखणीत, दुसरी जरा मळकट, कारण तिच्या तारा जुन्या होत्या. दोन्ही डोक्याच्या मध्यभागी ऐकू येत असतील तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू राहिलंय का बघा.

क्रम

कालक्रमाने जाऊ नका. 1967 च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करणारे 1969 पर्यंत दमतात. आमचा क्रम असा: ‘विश यू वेअर हिअर’ (1975), ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (1973), ‘मेडल’ (1971), ‘ॲनिमल्स’ (1977), ‘द वॉल’ (1979), आणि मग मागे वळून ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ (1967). आठवड्याला एक अल्बम पुरे, पण तो तीनदा: एकदा नुसता, एकदा शब्द समोर ठेवून, एकदा पुन्हा नुसता.

‘डार्क साइड’ पहिला का नाही? कारागिरीत तो सगळ्यांत चोख आहे, पण त्याचं इतकं कौतुक कानावर पडलेलं असतं की माणूस ऐकायच्या आधीच परीक्षेला बसल्यासारखा बसतो. ‘विश यू वेअर हिअर’ अधिक मोकळा आहे, पाचच ट्रॅकचा, चव्वेचाळीस मिनिटांचा.

विश यू वेअर हिअर

‘शाइन ऑन’चा पहिला भाग साडेतेरा मिनिटांचा आहे आणि त्यात माणसाचा आवाज साडेआठ मिनिटांनंतर येतो. आलापाची सवय असलेल्याला यात नवल वाटू नये. चौथ्या मिनिटाच्या आसपास गिटारवर चार सुटे सूर वाजतात आणि पुन:पुन्हा येतात. ते चार सूर धरून ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. रचना आहे सिड बॅरेटवर. बँडचा मूळ गायक आणि गीतकार, मन:स्थिती ढासळल्याने 1968 मध्ये बाहेर पडलेला. 5 जून 1975 रोजी, याच अल्बमचं काम चालू असताना, तो ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला आणि जुन्या सोबत्यांना तो आधी ओळखूही आला नाही. एवढं माहीत असलं की पुरे.

‘हॅव अ सिगार’ गायलाय रॉय हार्पर, बँडमधलं कुणीच नाही. या गाण्याच्या शेवटी भरगच्च आवाज एकाएकी चपटा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बिघडले म्हणून पिन हलवू नका. गाणं रेडिओत शिरलंय. मग कुणीतरी स्टेशन बदलतं, बोलणं ऐकू येतं, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीचा एक तुकडा निसटून जातो, आणि त्याच चपट्या आवाजात गिटार सुरू होते. एक खोकला ऐकू येतो. मिनिटभरात दुसरी गिटार वाजू लागते, अगदी कानाशी, बोटं तारांवर घासल्याचं कळावं इतकी जवळ. खोलीत बसलेला माणूस रेडिओवरच्या गिटारीला साथ करतोय, असं हे दृश्य आहे, निव्वळ आवाजातून उभं केलेलं. ‘विश यू वेअर हिअर’ हे गाणं सुटं वाजवलं की रेडिओ अर्ध्यातूनच लागतो आणि आपण त्यात शिरलो कसे, तेच हरवतं.

द डार्क साइड ऑफ द मून

पहिली चूक आवाजाची होते. सुरुवातीचे हृदयाचे ठोके इतके हळू आहेत की माणूस आवाज वाढवतो, मग मिनिटभरात किंकाळी येते आणि पुढे ‘टाइम’ची घड्याळं कानठळ्या बसवतात. उपाय सोपा: आधी ‘टाइम’ लावा, गजर वाजू द्या, तो जेमतेम सहन होईल इतका आवाज ठेवा, मग पहिल्यापासून सुरू करा. आणि मध्ये हात लावू नका.

‘मनी’ ऐकताना सात मोजा. नाण्यांचा खळखळाट, कागद फाटणं, गल्ल्याची टिंग, हे टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापून त्यांचं वेटोळं केलं होतं, आणि त्यातूनच सात मात्रांचा ठेका निघाला. रूपकही साताचाच, पण खाली-भरी शोधायला जाऊ नका, वजन वेगळं पडतं. दोन मिनिटांच्या सुमारास डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो, तोही सातातच. तीन मिनिटं होता होता गिटार उसळी घेते आणि ठेका साताचा चार होतो. बोटांवर मोजत असाल तर नेमके इथे चुकाल. चुकलात म्हणजे नीट ऐकताय. सोलोची तीन आवर्तनं आहेत. मधल्यात घुमारा काढून टाकलाय, सगळं कोरडं आणि जवळ, जणू स्टेजवरून उतरून बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर समोरच्या खुर्चीत बसलाय. तिसऱ्यात भिंती पुन्हा दूर जातात. शेवटच्या कडव्याला परत सात.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला शब्दांवाचूनचा आवाज क्लेअर टॉरीचा. तिला तेव्हा 30 पौंड मिळाले. पुढे तिने दावा लावला, 2005 मध्ये तडजोड झाली आणि सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. हे गाणं एलपीच्या पहिल्या बाजूच्या शेवटी, म्हणजे तबकडीच्या आतल्या लहान वर्तुळांत येतं. तिथे सुईला त्याच वेळात कमी लांबीची खाच मिळते, त्यामुळे झिजलेल्या तबकडीचा आवाज सगळ्यांत आधी इथेच फाटतो. चोरबाजारात किंवा कुठेही जुनी प्रत घेताना दुकानदाराला पहिलं गाणं वाजवू देऊ नका. टॉरीचा आवाज चढतो तिथे सुई ठेवायला सांगा.

मेडल, ॲनिमल्स, द वॉल

‘मेडल’ची दुसरी बाजू म्हणजे अख्खा ‘एकोज’. पहिला टिंग आवाज पियानोचाच, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. अकराव्या मिनिटानंतर ठेका विरतो आणि वाऱ्यात समुद्रपक्षी किंचाळावेत तसा आवाज सुरू होतो. गिटारच्या वाह पेडलच्या (पायाने दाबून सूर बदलायचं यंत्र) दोन पिना उलट्या खोचून तो काढलाय. नवखे इथे बंद करतात. तीन-चार मिनिटं कळ काढा. टिंग परत येतो, आणि त्या परत येण्यासाठीच हा उजाड पट्टा आहे. याच अल्बमवर एक कुत्रा गातो. ते गाणं ओलांडलंत तरी पाप नाही.

‘ॲनिमल्स’ शब्दांशिवाय अर्धाच कळतो. ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’वरून माणसांची कुत्री, डुकरं आणि मेंढ्या अशी वाटणी केली आहे. ‘डॉग्ज’ सतरा मिनिटांचं. गिल्मोरची सर्वांत धारदार गिटार इथे आहे, ‘द वॉल’वर नाही, असं आमचं ठाम मत. 2018 मध्ये केलेलं नवं मिक्सिंग 2022 ला बाजारात आलं. त्यात ड्रम मोकळे झाले आहेत, तेच ऐका.

‘द वॉल’ एक्क्याऐंशी मिनिटांचा, चार बाजूंचा. एका बैठकीत झेपत नसेल तर दुसरी बाजू संपल्यावर थांबा. भिंत तिथेच पुरी होते. शाळेचं गाणं एकटं लावू नका, त्याआधीच्या ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’पासून लावा, हेलिकॉप्टरसकट. अल्बमच्या अगदी सुरुवातीला कुजबुजलेलं अर्धं वाक्य आहे आणि अगदी शेवटी त्याच वाक्याचा आधीचा अर्धा भाग. ॲपमध्ये अल्बम रिपीटवर टाका म्हणजे दोन्ही जुळतील.

उरलेलं

‘पायपर’ घेताना पहिलं गाणं ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ आहे ना ते बघा. त्या काळच्या अमेरिकी आवृत्तीतून ते वगळलं होतं. ‘उमागुमा’ या दोन तबकड्यांच्या अल्बमची पहिली, मैफलीची तबकडी ऐका. दुसरीवर चौघांनी आपापले स्वतंत्र प्रयोग केलेत, ती सवडीने. ‘द फायनल कट’ (1983) मुळात बँडचा बेसवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सचाच अल्बम आहे, ‘द वॉल’ आवडला तरच घ्या. वॉटर्स गेल्यानंतरच्या तीन अल्बमांतला ‘द डिव्हिजन बेल’ (1994) शेवटाकडून सुरू करा: ‘हाय होप्स’, घंटेसकट. ‘द एंडलेस रिव्हर’ (2014) बराचसा त्याच वेळच्या उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून बांधलाय. तो रात्री काम करताना मागे वाजत राहिला तरी चालतो.